अर्धी मूठ

दिपमालाचा फोन ठेवला तरी सुनंदाबाई ओट्यापाशीच उभ्या होत्या.

"अक्का, आम्ही शनिवारी सकाळीच येतो, गहू मोजायच्या आधी. ह्यांना तुमच्याशी थोडं बोलायचंय," एवढंच धाकटी जाऊ म्हणाली होती. आवाजात ना रुसवा, ना लाडीगोडी.

बोलायचंय. बेचाळीस वर्षांत या घरात कुणी असं आधी कळवून बोललं नव्हतं. इथे ज्याला जे हवं ते तो टोमण्यात गुंडाळून पुढे टाकायचा आणि दुसऱ्याने ते उलगडून घ्यायचं. नवऱ्याला, नानांना, चहा हवा असला की ते म्हणत, "आज दूधवाला वारला वाटतं." सासूबाई, भिकुबाई, तहान लागली तर म्हणायच्या, "तेराव्याला तरी पाणी पाजाल ना मला?" मग कुणीतरी हसत हसत तांब्या न्यायचं. असंच चाललं होतं, आणि सुनंदाबाईंच्या मते बरंच चाललं होतं.

"काय म्हनी ऱ्हायनी दिपमाला?" नानांनी पेपराआडून विचारलं.

"बोलायचंय म्हणे अभिमनभाऊंना."

"काय बोलनं शे?"

"ते सांगितलं असतं तर मी इथे पुतळ्यासारखी उभी राहिले असते का?"

पण काय बोलायचं असेल ते त्यांच्या मनात फोन ठेवायच्या आधीच येऊन बसलं होतं. रोट वेगळे करायचे असतील. दुसरं काय?

चुली तर कधीच्याच वेगळ्या झाल्या होत्या. चोपड्याची केळीची जमीन वाटली गेली, नाना जळगावला आले, धाकटा दीर अभिमन एस.टी.च्या नोकरीत धुळ्याला गेला. पण श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी सगळ्या भाऊबंदांची कानबाई, खानदेशची कुळदेवी, एकच. एक चौरंग, एक नारळ, देवीची एक नथ, आणि घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजून दळलेल्या पिठाचे रोट. ते रोट घरच्यांनीच खायचे, बाहेर द्यायचे नाहीत. ज्याची मूठ या परातीत, तो या घरचा. ज्याने आपली मूठ दुसरीकडे मोजली, त्याची फक्त सोयरिक उरली. वाटणीचे कागद निदान कपाटात तरी राहतात. ही वाटणी देवीच्या समोर होते.

मोजायचा मान घरातल्या वडील बाईचा. आधी भिकुबाईंचा होता, सव्वीस वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात लुळा पडला तेव्हापासून सुनंदाबाईंचा. त्यांना वाटलं, डोळा त्यावरच असणार. दिपमाला काही कमी नाही. या आखाजीला, अक्षय्यतृतीयेला, दोघं आली नाहीत. त्यांचा नवल पुण्याला शिकतो, त्याचाही चार महिन्यांत फोन नाही. धागे जुळत होते.

त्यांनी उजवा हात पदराखाली घेतला आणि डाव्या हाताने गॅस बंद केला.

*

शनिवारी साडेनऊला गाडी फाटकाशी थांबली. नाना ओसरीवरच बसले होते. त्यांनी गेली तीस वर्षं ज्या आवाजात हाक दिली त्याच आवाजात दिली.

"उनी रे अर्धी मूठ!"

आली रे अर्धी मूठ, म्हणजे अभिमन. यावर त्याने म्हणायचं असे, "उनी नाना, उरेल अर्धी धुळ्याले ठेई उनू." उरलेली अर्धी धुळ्याला ठेवून आलो, असं. मग दोघं भाऊ हसायचे, आणि आलेल्यांचं स्वागत झालं असं सगळे धरून चालायचे.

अभिमन पायऱ्या चढून आला, नानांच्या पाया पडला आणि म्हणाला, "नाना, तब्येत कशी शे? गुडघा काय म्हणतो?"

नानांचं हसू तोंडावर अर्धं येऊन तिथेच राहिलं. "गुडघा... शे आपला," ते म्हणाले, आणि सुनंदाबाईंकडे पाहिलं. दाराआडून सुनंदाबाईंनीही त्यांच्याकडे पाहिलं. नवरा-बायकोचं इतकं एकमत पुष्कळ दिवसांत झालं नव्हतं.

अभिमनला पन्नास लागलं होतं. धुळ्याच्या स्टँडवर तो वाहतूक नियंत्रक. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा येणार, हे तो दिवसभर माइकवरून सांगे. शांत, सपाट, एकेक शब्द सुटा. शेकडो माणसं त्या आवाजावर पिशव्या उचलून धावत. घरात मात्र त्याचं बोलणं कधी पुरं झाल्याचं सुनंदाबाईंना आठवत नव्हतं. मध्येच कुणीतरी हसायचं, आणि मग तोही हसायचा.

"काय गं," त्या दिपमालाला म्हणाल्या, "धुळ्यात साड्या मिळेनाशा झाल्या का? सणाला आलीस की शेतावर?"

"प्रवासात सुती बरी पडते, अक्का. सणाची बॅगेत आहे." दिपमाला वाकून पाया पडली. "तुम्ही बारीक झालात."

सुनंदाबाईंनी ते वाक्य तांदूळ निवडावेत तसं निवडून पाहिलं. बारीक झालात म्हणजे काय? म्हातारी झाली, आता जागा सोड? की सून खायला घालत नाही? खडा सापडेना. आणि खडा नाही म्हणूनच त्यांना जास्त भीती वाटली.

सुनंदाबाईंचा मुलगा योगेंद्र आपल्या काकांचं सामान काढायला गाडीकडे गेला होता. दोन बॅगा काढून त्याने डिकीतली तिसरी वस्तू उचलली. पांढरी कापडी पिशवी, तोंडाशी घट्ट बांधलेली, आणि तिच्यावर हळदीकुंकवाची पाच बोटं ओढलेली.

"ती राहू दे योगेंद्र," दिपमाला इथूनच म्हणाली. "ती गाडीतच राहू दे."

पिशवी ज्या तऱ्हेने खाली बसली त्यावरून आत काय आहे ते कुणाही शेतकऱ्याच्या बाईला कळलं असतं. गहू. चार-पाच किलो. देवीचा म्हणून बोटं लावलेला, स्वतःच्या घरून आणलेला आणि गाडीतून न काढलेला गहू.

सुनंदाबाई आत गेल्या आणि नुसत्याच फडताळासमोर उभ्या राहिल्या.

*

चहा झाल्यावर दिपमाला कुठे दिसेना. नूतनही दिसेना. दीड वर्षापूर्वी आलेली ही सून तशी गरीब होती, सुनंदाबाईंच्या भाषेत "तोंडात मूग आणि हातात फोन". सुनंदाबाई गच्चीच्या जिन्याकडे गेल्या. वरून आवाज येत होते. त्या चौथ्या पायरीवर थांबल्या.

"आईंना कळलं तर फार लागेल त्यांना," नूतन म्हणत होती.

"लागेलच. पण मागून केलेलं जास्त लागतं गं. एक वर्ष झालं, आता आणखी किती दिवस? तू सांगतेस का मी सांगू?"

"नको काकू. मीच सांगते. आजच सांगते."

सुनंदाबाई पाय न वाजवता खाली उतरल्या. म्हणजे नूतनही. एक वर्ष. गेल्या वर्षीचे रोट त्यांना आठवले. पीठ त्यांच्या अंदाजापेक्षा जास्त भरलं होतं, दोन रोट वाढले होते, आणि त्या म्हणाल्या होत्या, "गिरणीवाल्याने दुसऱ्याचं दळण मिसळलं मेल्याने." तेव्हा नूतन खाली मान घालून कणीक मळत होती. आता त्या खाली घातलेल्या मानेचाही अर्थ लावायला हवा होता.

त्यांना आपली पहिली आखाजी आठवली. साक्रीकडच्या डोंगरातून एकोणिसाव्या वर्षी त्या चोपड्याला आल्या, आणि भिकुबाईंनी पहिल्याच आठवड्यात त्यांचं नाव ठेवलं, डोंगरी. डोंगरीला पुरण जमत नाही, डोंगरीला माणसांत बसता येत नाही. आखाजीला सगळ्या लेकी माहेरी झोक्यावर, आणि त्यांना काही कुणी न्यायला आलं नाही. त्या गोठ्यामागे रडत बसल्या होत्या. आठ वर्षांचा अभिमन तिथे आला, काही न बोलता म्हशीचा दोर निंबाला बांधला, वर पोतं घातलं आणि म्हणाला, "बस वहिनी. मी झोका देस."

सातव्या महिन्यात जन्मलेलं पोर ते. "अर्ध्या मुठीएवढं होतं," असं भिकुबाई मायेनेच सांगायच्या तेव्हा. माया कधी आटली आणि नुसतं नाव कधी उरलं, ते मात्र सुनंदाबाईंना तारखेनिशी ठाऊक होतं. त्या तारखेपाशी गेलं की त्या नेहमी दुसरं काहीतरी काम काढत. आताही त्यांनी गंगाफळाचा लाल भोपळा पुढ्यात ओढला.

*

"द्या, मी चिरते," दिपमाला येऊन विळीवर बसली. "टणक आहे. तुमच्या हाताला त्रास होईल."

"माझ्या हाताला काय धाड भरलीय?"

फोडी पडत राहिल्या. सुनंदाबाईंनी दोन फोडींएवढा धीर धरला.

"जळगावला डाळीच्या गिरण्या आहेत म्हणून काय झालं, गहूही मिळतो हो आमच्याकडे. लोकांना धुळ्याहून वाहून आणावा लागत नाही."

दिपमालाने विळी आडवी केली, पदराला हात पुसले.

"पिशवीत गहूच आहे अक्का. वेगळे रोट करावेत असा विचार करून आलोय आम्ही."

सुनंदाबाई थक्क झाल्या. त्यांनी तिच्या तोंडून 'नाही हो, तो गहू दुसऱ्या कुणाचा' असं काहीतरी ऐकायची तयारी केली होती. खोट्याला कुठून धरायचं ते त्यांना चांगलं येत होतं. खरं असं एकदम समोर आलं, तर त्याला कुठून धरायचं?

"मग रीतसर सांगायचं," त्या म्हणाल्या. "चोरासारखी पिशवी कशाला लपवता?"

"लपवली नाही. ठरलेलं नाही म्हणून काढली नाही. ह्यांना तुम्हाला एक विचारायचंय. तुम्ही काय सांगता त्यावर ठरेल."

"माझी परीक्षा घ्यायला आलात म्हणा की. आणि हे असं पुस्तकातल्यासारखं बोलायला कुठे शिकलीस? कुठल्या बाबाच्या नादी लागलीस का?"

"नवलकडून," दिपमाला म्हणाली. "तुम्हाला सांगते. मग हसायचं तर हसा."

नवलला पहिल्या परीक्षेत कमी गुण पडले होते. अभिमन त्याला फोनवर म्हणाला, "बाप अर्धी मूठ, लेक पाव मूठ." नेहमीसारखं, हसतच. पोरगं हसलं नाही. म्हणालं, "बाबा, मी चिडून सांगत नाहीये. असं बोललं की मला दोन दिवस काही सुचत नाही. तुम्ही असंच बोलणार असाल तर मी फोन उचलणार नाही. नीट बोलणार असाल तेव्हा करा." आणि त्याने खरंच उचलला नाही. अभिमन तीन रात्री झोपला नाही. चौथ्या दिवशी तो दिपमालाला म्हणाला, हे माझं नाहीच गं, हे मी चोपड्याहून आणलंय.

"तेव्हापासून घरात ठरवलंय," दिपमाला म्हणाली. "जे वाटतं ते सरळ सांगायचं. समोरच्याला लहान करून नाही. जमतं असं नाही. मागल्या मंगळवारी मीच ह्यांना दोन टोमणे मारले. मग माफी मागितली."

"नवऱ्याची?"

"हो."

"नवऱ्याची माफी, तीही टोमण्यासाठी. आमच्या सासूबाई असत्या तर..." सुनंदाबाई थांबल्या. आमच्या सासूबाई असत्या तर काय केलं असतं? एक नवं नाव ठेवलं असतं आणि ते तीस वर्षं चाललं असतं.

"तुम्हालाही राग आला तर सांगा अक्का. मी ऐकेन."

यातही काहीतरी डाव असणारच. सुनंदाबाई फोडी उचलून पातेल्यात टाकू लागल्या. दोन फोडी बोटांतून निसटून खाली पडल्या. दिपमालाने पाहिलं आणि पाहिलं नाहीसं केलं, आणि तेही सुनंदाबाईंनी पाहिलं.

*

अकरा वाजता बैठकीत पाट मांडला. पितळी परात, शेजारी निवडलेल्या गव्हाचा डबा, समईची वात. नाना खुर्चीवर, योगेंद्र त्यांच्या पायाशी, नूतन आणि दिपमाला भिंतीशी, अभिमन परातीसमोर मांडी घालून. गिरणीवाल्याने गिरणी धुऊन पुसून ठेवली होती. त्याचे दोन फोन येऊन गेले होते.

सुनंदाबाईंनी कुंकू वाहिलं आणि हात डब्यात घातला. नाव घ्यायचं, भरलेली मूठ परातीत सोडायची, वर पाव म्हणून चिमटीभर दाणे टाकायचे.

"तोतारामकाका." चोपड्याचे चुलतसासरे, भाऊबंदांत वडील. उद्या जेवायला यायचे होते. मग त्यांच्या दोन मुलांची नावं. दर वेळी हात वर येताना तीन-चार दाणे डब्यात परत सांडत होते. सुनंदाबाईंनी पदर पुढे ओढून घेतला. मग नानांची मूठ झाली.

पाचवं नाव अभिमनचं. इथे दर वर्षी त्या मूठ भरून वर धरायच्या, नाटकातल्यासारख्या थांबायच्या आणि सासूबाईंच्या सुरात म्हणायच्या, "याना वाटानी अर्धीच मूठ." बैठक हसायची. नाना आताच तोंड हसतं करून बसले होते.

"वहिनी, थांबा जरा," अभिमन म्हणाला.

तो स्टँडवरचा आवाज होता. सपाट, सुटा, न चढलेला.

"मला एक विचारायचंय. त्याआधी माझं सांगतो. मी नवलला पाव मूठ म्हणायचो. मला वाटायचं, गंमत आहे. त्याला काय वाटायचं ते त्याने सांगितलं, आणि मग मला काय वाटायचं ते मला आठवलं. योगेंद्रच्या लग्नात तुम्ही नूतनच्या मामांना माझी ओळख करून दिलीत, ही आमची अर्धी मूठ. मीही हसलो. मग मंडपामागे जाऊन अर्धा तास उभा होतो. तुम्हाला दोष द्यायला सांगत नाहीये. तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून सांगतोय."

नाना खुर्चीत हलले. "अरे, घरनी गंमत शे ती. इतलं मनवर घेतस का कुणी?"

"घेतलं होतं नाना." तो पुन्हा सुनंदाबाईंकडे वळला. "विचारायचं ते एवढंच. आई, आणि मग तुम्ही, मूठ वर धरून तसं म्हणायचा. हात तुमच्या पदराआड असायचा. खरोखर अर्धे गहू परत टाकायचा, की नुसतं म्हणायचा? काहीही असो, मी ओरडणार नाही. मला फक्त खरं सांगा."

सुनंदाबाईंचा हात डब्यातल्या गव्हातच राहिला.

उत्तर सोपं होतं. नुसतं म्हणायचो रे, देवीच्या मापात कुणी अर्धं करतं का? एवढं म्हटलं की झालं. पिशवी गाडीत राहील, उद्या रोट होतील, परवा देवी विसर्जनाला उठेल. समोरून कुणी पुरावा मागत नव्हतं. पुरावा फक्त या हाताकडे होता, आणि दुसऱ्या एका हाताकडे, जो चोपड्याच्या नदीकाठी केव्हाच जळून गेला होता. आणि खरं सांगितलं तर? खरं सांगितल्यावर कोण थांबतं? त्यांनी दिपमालाकडे पाहिलं. दिपमालाही त्यांच्याकडेच पाहत होती, आणि त्या पाहण्यात आशा नव्हती. ही खोटं बोलणार, असं तिने धरलेलंच होतं. सकाळपासून आपण हिच्याकडे ज्या डोळ्यांनी पाहत होतो तेच हे डोळे, सुनंदाबाईंना वाटलं.

"परत टाकायचो," त्या म्हणाल्या.

त्यांनी हात डब्यातून काढून पदराखाली घेतला.

"सासूबाई खरंच अर्धे परत टाकायच्या. मी शेजारी बसायची, मला दिसायचं. माप माझ्याकडे आलं तेव्हा मीही तसंच केलं. म्हणजे सव्वीस वर्षं, दर वर्षी."

"झाकेल मूठ उघडानी काय गरज व्हती?" नाना हळूच म्हणाले.

"होती. बोलू द्या मला." त्यांचा स्वर त्यांना स्वतःलाच अनोळखी वाटला. "तू बारावीत नापास झालास तो निकाल आठवतो? त्या संध्याकाळपर्यंत या घरात हसायला मी होते. डोंगरी. दहा वर्षं. त्या संध्याकाळी सासूबाईंनी तुला धरलं, आणि त्यानंतर मला डोंगरी कुणी म्हटलं नाही. मला वाईट वाटलं नाही अभिमन. मला बरं वाटलं. सुटले, असं वाटलं. तू मला झोका बांधून दिला होतास ते तेव्हाही आठवत होतं. तरी बरं वाटलं. मग मी ते तुझ्यावरून हलूच दिलं नाही. हललं असतं तर माझ्याकडे आलं असतं."

अभिमन परातीतल्या गव्हाकडे पाहत राहिला. मग उठला, खुंटीवरची किल्ली घेतली आणि बाहेर गेला. फाटकाशी गाडीची डिकी उघडल्याचा आवाज आला.

योगेंद्र उठायला लागला. दिपमालाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे त्यांना. ते ठरवतील."

"गया," नाना म्हणाले. "बठ्ठं गया, सगळं गया."

"आई," नूतन भिंतीपासून पुढे सरकली. "मलाही एक सांगायचंय."

"आता तूही सांग," सुनंदाबाई म्हणाल्या. "एकदाच काय ते होऊन जाऊ दे. गच्चीवरचं ना? ऐकलंय मी."

"गेल्या वर्षी तुम्ही मोजत होता तेव्हा तुमच्या मुठीतून गहू गळत होता. तुमची ही दोन बोटं मिटत नाहीत. मला वाटलं, माप कमी पडलं तर तुम्हालाच रुखरुख लागेल. म्हणून गिरणीत न्यायच्या आधी मी मोजलेल्या गव्हात दोन ओंजळी टाकल्या. तुम्हाला न विचारता. चुकलं माझं. काकूंना मी आजच सांगितलं."

म्हणजे ते दोन रोट. आणि ही खाली घातलेली मान. सुनंदाबाईंच्या जिभेवर आलं होतं, 'सासूच्या हातावर पाळत ठेवतेस, फोनवरून वेळ मिळाला वाटतं.' अगदी टोकावर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. चाळीस वर्षांची सवय, घशातून खाली जाताना टोचली.

"दोन वर्षं झाली," त्या म्हणाल्या आणि उजवा हात पदराबाहेर काढून मांडीवर उताणा ठेवला. मधलं बोट आणि अनामिका आकड्यासारखी अर्धवट वाकलेली होती. "सकाळी तर तांब्या धरवत नाही. सांगितलं असतं तर माप गेलं असतं माझं."

नाना खुर्चीतून पुढे वाकून त्या हाताकडे पाहत होते. एका घरात राहून त्यांनी तो पाहिला नव्हता.

दारात सावली पडली. अभिमन आत आला. हातात पांढरी पिशवी होती. तो पाटासमोर बसला, गाठ सोडली. चोपड्याच्या त्याच्या वाट्याच्या वावरातला गहू होता, बारीक, लालसर.

"'नुसतं म्हणायचो' असं तुम्ही म्हणाला असतात तर मी बरं म्हटलं असतं आणि दुपारी निघालो असतो," तो म्हणाला. "मला ठाऊक होतं वहिनी. नापास झालो त्या श्रावणात मी आईच्या मागून पाहिलं होतं. मला फक्त कुणीतरी ते माझ्यासमोर म्हणायला हवं होतं." त्याने पिशवी पुढे सरकवली. "वाईट वाटतंय. ते काही आज जाणार नाही. पण माझी आणि नवलची मूठ यातून घ्या."

सुनंदाबाईंनी हात पिशवीत घातला. बाहेर काढला तर दाणे बोटांच्या फटीतून घळघळा सुटले. त्यांनी पदर ओढला नाही.

"नाही रे मिटत. दिपमाला, इकडे ये. खालून हात लाव."

दिपमालाने आपली मूठ त्यांच्या मुठीखाली धरली. दोन हात मिळून वर आले. नानांनी तोंड उघडलं, सवयच ती, आणि मग पुन्हा मिटलं. सगळे तेवढा वेळ थांबले होते, जेवढा वेळ हसण्यासाठी दर वर्षी ठेवलेला असायचा. तो तसाच मोकळा गेला.

"अभिमन," सुनंदाबाई म्हणाल्या. मूठ परातीत पडली. त्यांनी वर चिमटीभर दाणे टाकले. "सव्वा."

मग योगेंद्र. मग नवल. त्याचीही सव्वा.

"येतो का तो उद्या?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही," अभिमन म्हणाला. "विचारेन. ओढून नाही आणणार."

"मी बोलू त्याच्याशी?"

दिपमालाने फोन लगेच पुढे केला नाही. तिने सुनंदाबाईंकडे नीट पाहिलं, आणि तो संशय तिने लपवलाही नाही. "काय बोलाल, अक्का?"

सुनंदाबाईंनी विचार केला. चांगलं काहीतरी सुचायला हवं होतं, ते सुचेना. "ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "थट्टा करणार नाही एवढं सांगते."

दिपमालाने आणखी क्षणभर पाहिलं, मग नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. न मिटणाऱ्या बोटांत तो नीट बसेना, म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी धरला. तिकडे बराच वेळ घंटी वाजली. मग कुणीतरी उचलला आणि काहीच बोललं नाही.

"नवल, मी जळगावची मोठी आई. तुझी मूठ मोजली आत्ता. पूर्ण मोजली. तुझ्या बाबांचीही. इतकी वर्षं त्यांची मी अर्धी मोजत होते. ते चुकीचं होतं, ते तुलाही सांगायचं होतं."

तिकडून काही आलं नाही. नुसता श्वास ऐकू येत होता, आणि मागे कुठेतरी बादली आपटल्याचा आवाज. अशी शांतता पडली की सुनंदाबाई तिच्यात काहीतरी टाकायच्या, झोपलास का रे, की पुण्याला जाऊन मराठी विसरलास. ओठ हललेही.

त्यांनी ते मिटले, फोन कानाशी घट्ट धरला, आणि तो बोलेपर्यंत थांबायचं ठरवलं.